घोड्याची दुनळी: जुनी अमेरिकन शॉटगन घेताना काय बघायचं?

नवा पेणकर

मंडळी, पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यापासून जुन्या घरांतल्या सामानाच्या लिलावांना जायचा नाद लागलाय. सुरुवात कंदील आणि सुतारकामाच्या रंध्यांपासून झाली. आता नजर गेलीय बाहेर घोडे (बार उडवायला आपटणारे खटके) असलेल्या दुनळी बंदुकांवर. साधारण १८७० ते १९०० मधल्या, अमेरिकेतच बनलेल्या. नळ्यांवर नागमोडी नक्षी, लॉकप्लेटवर (घोड्याची यंत्रणा बसवलेल्या बाजूच्या पत्र्यावर) कोरलेली बदकं आणि शिकारी कुत्री, अक्रोडाचा दस्ता. हातात घेतली की खाली ठेववत नाही.

इथे कुणी असा संग्रह करतं का? मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बजेट हजार डॉलरच्या आसपास आहे, तर सुरुवात पार्करने करावी, एल. सी. स्मिथने, कोल्ट १८७८ ने की रेमिंग्टन १८८९ ने? नुसती भिंतीवर लावायची की अधूनमधून मातीच्या तबकड्यांवर बार काढता येईल? आणि कायद्याचं काय? माझ्याकडे ग्रीनकार्ड आहे.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. अजाणकारांचंही स्वागत आहे.

गोगलगाय

पेणकर नाव बघून गणपतींचा धागा समजून आले. निघाल्या बंदुका.

खट्याळ खविस

अजाणकार हजर आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अण्णा डेटनकर

पेणकर, चांगला विषय काढलात. मी ओहायोत बरीच वर्षं हा उद्योग करतोय, त्यामुळे जरा लांबड लावतो.

नाव विकत घेऊ नका, नळ्या विकत घ्या. पार्करचं नाव पण आतून गंजाचे खड्डे पडलेल्या नळ्या, आणि कमी नावाची पण आतून लख्ख असलेली बंदूक, अशा दोन समोर आल्या तर डोळे मिटून दुसरी उचला. लाकूड दुरुस्त होतं, घोडा बदलता येतो, स्प्रिंग नवी करून मिळते. नळी गेली की सगळं गेलं.

आता तुमच्या चार नावांबद्दल. कोल्ट १८७८ देखणी आहे आणि हार्टफर्डच्या कारखान्यातून १८८९ पर्यंतच निघाली. सगळ्या मिळून तेवीस हजारांच्या आत. म्हणजे कुठलीही उचला, ती १८९८ च्या आधीचीच, आणि कायद्यात ते साल महत्त्वाचं. पण कोल्ट म्हटलं की रिव्हॉल्व्हरवालेही बोली लावायला येतात. हजारात बरी मिळणं अवघड.

पार्कर बंधूंचा कारखाना मेरिडन, कनेक्टिकटला. त्यांच्या सुरुवातीच्या बंदुका लिफ्टर पद्धतीच्या. चापाच्या कडीच्या पुढे खाली एक खुंटी असते, ती वर दाबली की नळ्या उघडतात. वरची आडवी कळ नंतर आली. लिफ्टर वापरायला मजा येते आणि नवख्यांना ती विचित्र वाटते, म्हणून कधीकधी स्वस्तात सुटते. साध्या ग्रेडची, रापलेली लिफ्टर तुमच्या बजेटात बसेल.

एल. सी. स्मिथ मला सगळ्यांत आवडते. नळ्या बंद धरणारा तिचा फिरता बोल्ट झिजला तरी आपला आपण घट्ट बसत जातो. दुखणं एकच: लॉकप्लेटच्या मागे लाकूड फार बारीक उरतं, तिथे हमखास तडा जातो. प्लेटच्या मागच्या टोकापासून दस्त्याकडे जाणारी केसासारखी रेघ भिंगाने शोधा.

पहिलीच घ्यायची तर मी रेमिंग्टन १८८९ सांगेन. दणकट, साधी आणि भरपूर निघालेली. इलियन, न्यूयॉर्कला १९०८ पर्यंत बनत होती, त्यामुळे नंबर बघून साल ठरवावं लागतं. तेवढं एक काम.

हडसनकाठी

कायद्याचं मी सांगतो. न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे हे मला पाठ आहे.

केंद्राच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ सालापर्यंत बनलेली बंदूक ही 'अँटिक'. तिला केंद्राच्या कायद्यापुरतं 'फायरआर्म' धरत नाहीत. परवानाधारक दुकानदारामार्फत घ्यावी लागत नाही, खरेदीचा केंद्राचा फॉर्म भरावा लागत नाही. १८९९ ची असेल तर सगळं आलं. दिसायला दोन्ही सारख्या, कारखाना तोच, कारागीर तोच.

पण हे झालं केंद्राचं. राज्यांचं गणित वेगळं. आमच्या न्यू जर्सीत जुनी असूनही जिची काडतुसं आज दुकानात मिळतात ती अँटिक धरत नाहीत. १२ गेजची काडतुसं कुठेही मिळतात, म्हणजे १८८० ची पार्करसुद्धा इथे बंदूक खरेदीच्या सरकारी ओळखपत्राशिवाय घेता येत नाही. ठासणीची असती तर गोष्ट वेगळी. पेनसिल्व्हेनियात इतकी कटकट नाही, तरी स्थानिक नियम स्वतः वाचा.

नळ्या १८ इंचांपेक्षा आखूड असतील तर लांब राहा. जुनी असली तरी आखूड नळ्यांच्या शॉटगनला १९३४ चा कायदा लागतो, आणि १२ गेजला तिथे अँटिकची सूट मिळत नाही. 'आजोबांनी घरी कापली होती' ही सबब चालत नाही.

एच-१बी वाल्यांनी हे वाचून उड्या मारू नयेत. तुम्हाला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला केंद्राची मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. १८९८ ची बंदूक त्या व्याख्येत येत नाही, पण तिच्यात घालायचं नवं काडतूस येतं! वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.

नवा पेणकर

अण्णा, हडसनकाठी, दोघांचेही आभार. वाखुसा (वाचनखूण साठवली).

अण्णा, नळ्या बघायच्या म्हणजे नक्की काय बघायचं? लिलावात दहा मिनिटं मिळतात, तीही मागे चार माणसं ताटकळत उभी असताना.

अण्णा डेटनकर

दहा मिनिटं पुष्कळ झाली.

आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघा. हसू नका, शंभर वर्षं पोटमाळ्यावर पडलेल्या बंदुकीत काडतूस निघालेलं मी बघितलंय.

मग वरची कळ बघा. नवी असताना बंद स्थितीत ती मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे असते. झिजत गेली की मध्यावर येते, मग डावीकडे जाते. डावीकडे गेलेली असेल तर बंदुकीने बरंच सोसलंय. यानंतर फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचं पुढचं लाकूड, काढून घ्या. दस्ता काखेत दाबून धरा आणि नळ्या उजवीडावीकडे हलवून बघा. फोरएंड लावलेला असताना त्याची स्प्रिंग ढिलेपणा लपवते. विकणारे हे जाणून असतात, म्हणून काढू द्यायला कां-कूं करतात.

नळ्या वेगळ्या करून खालच्या आकड्याला बोट अडकवून टांगत्या धरा आणि लाकडाने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा आवाज घुमला तर दोन्ही नळ्यांना जोडणारी मधली पट्टी शाबूत. बद्द किंवा खरखर वाजलं तर कुठेतरी डाख सुटलाय.

तोंडाकडून बघा. मूळ लांबीच्या नळ्या तोंडाशी एकमेकींना चिकटलेल्या किंवा जवळजवळ चिकटलेल्या असतात. मध्ये फट दिसली, ती शिशाने किंवा कथलाने बुजवलेली दिसली, तर कुणीतरी करवत चालवली आहे. त्याबरोबर चोकही, म्हणजे तोंडाशी नळी किंचित अरुंद केलेली असते तो भागही, गेला. २८, ३०, ३२ इंच या नेहमीच्या लांब्या. साडेसव्वीस भरली की भुवई उंचावायची.

शेवटी स्क्रू. खाचा झिजलेल्या, ओरबाडलेल्या असतील तर हौशी हातांनी आत घुसून काहीतरी केलंय. आणि कृपा करून रिकामे घोडे खटाखट पाडून बघू नका. पिन तुटली तर लिलाववाला तुमच्याकडे बघेल.

मैना दापोलीची

माहितीपूर्ण धागा. आमच्या आजोबांकडे बारा बोरची दुनळी होती, घोड्याचीच. बर्मिंगहॅमची, ग्रीनर. रानडुकरं भातात शिरायची म्हणून शेतीरक्षणाचा परवाना. लहानपणी आम्हाला तिचं अप्रूप एवढंच, की निवडणूक जाहीर झाली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे आणि येताना खाजा आणायचे.

आजोबा गेल्यावर वारसांच्या नावावर परवाना करायचं कुणी मनावर घेतलं नाही, शेवटी ती जमाच झाली. माझा प्रश्न: आपल्याकडे कधी अमेरिकन दुनळी दिसली नाही. सगळ्या विलायतीच का?

अण्णा डेटनकर

मैनाताई, इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे बर्मिंगहॅम आणि लंडनचा माल थेट यायचा. ग्रीनर, वेब्ली, वेस्टली रिचर्ड्स. अमेरिकन कारखान्यांना घरचीच मागणी पुरत नव्हती, ते कशाला मुंबईला पाठवतायत. ग्रीनर गेली म्हणताय, ऐकून वाईट वाटलं.

खट्याळ खविस

मला खाज्याचं वाईट वाटलं.

विलायती वाळा

भारतातल्या वाचकांसाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तूंना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशाच हत्याराला. काडतुसाची चालू दुनळी कितीही जुनी असो, परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका. आणि अमेरिकेत घेतलेली इकडे आणायचं मनातही आणू नका. उलट बाजूनेही तेच, शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

शंकासुर

माफ करा, पण मला हा धागा खटकतोय. तिकडे शाळांमध्ये गोळीबार होतायत आणि आपण नक्षी आणि अक्रोडाच्या गोष्टी करतोय. बंदूक ती बंदूक. मारायचं यंत्र. त्याचं कौतुक करायला आपण कशाला जायचं?

टेक्सासतात्या

शंकासुर, दोन बार काढून झाले की नळ्या उघडून हाताने काडतुसं भरायची, परत दोन घोडे ओढायचे. या बंदुकीने कुणी शाळेत जात नाही. भिंतीवर तलवारी लावता, तेव्हा कुठे जातो हा प्रश्न?

शंकासुर

तलवारीला दुकानात काडतूस मिळत नाही. तुमच्याच हडसनकाठींनी वर लिहिलंय.

हडसनकाठी

मुद्दा बिनतोड आहे. न्यू जर्सीचं विधिमंडळ आणि शंकासुर यांचं एकमत झालेलं आहे.

मीनाक्षी सं.

शंकासुरांचा आक्षेप मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. मी संग्रहालयात धातूच्या वस्तूंचं जतन करते. शस्त्रं मांडताना ती कुणावर चालली हेही सांगावं लागतं. नुसती नक्षी दाखवली तर निम्मी गोष्ट गाळली जाते. पण वस्तूच ठेवायची नाही यालाही माझा विरोध आहे. घरी ठेवणाऱ्यांनी कुलपाच्या कपाटात ठेवावी, लहान मुलं असतील तर भिंतीवर नकोच, एवढं तरी सगळ्यांना मान्य व्हावं.

आता माझ्या विषयाचं. जुना माल आणला की पहिली ऊर्मी येते घासूनपुसून चकचकीत करण्याची. ती आवरा. नळ्यांचा तपकिरी रंग, लॉकप्लेटवरचे निळसर-करडे ढग हे कारखान्यात मुद्दाम आणलेले असतात. नंतरचा शंभर वर्षांचा राप त्यावर चढलेला असतो. एकदा पॉलिश मारलं की दोन्ही गेले, आणि निम्मी किंमतही गेली. तारेचा घासणारा काथ्या दुरूनच नमस्कार करण्यासारखा. जिवंत, लालसर गंज असेल तर तेल लावून मुरू द्या आणि मऊ तांब्याच्या किंवा लाकडाच्या कडेने खरवडा. मग पातळ मेण. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स आम्ही वापरतो, ते कुणालाही मिळतं. आणि बंदूक तोंड खाली करून ठेवा. सरळ उभी ठेवली की तेल झिरपत दस्त्याच्या गळ्यात जातं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. जुन्या बंदुकांचे दस्ते तिथेच का मोडतात याचं हे एक मोठं कारण.

गोगलगाय

एक बाळबोध प्रश्न. १२ गेज म्हणजे १२ काय?

धातुपुराण

नळीच्या व्यासाच्या शुद्ध शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती बसतात तो आकडा. १२ बसल्या तर १२ गेज, व्यास ०.७२९ इंच. १० गेजची नळी म्हणूनच मोठी.

आलोच आहे तर पेणकरांच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. ती नागमोडी नक्षी म्हणजे दमास्कस नळ्या. लोखंड आणि पोलादाच्या पातळ पट्ट्या थराथराने रचायच्या, तापवून एकजीव करून चौकोनी गज ओढायचा, तो गज पीळ देऊन दोरासारखा करायचा. असे दोन, तीन, चार पिळलेले गज शेजारीशेजारी जोडून त्यांची पट्टी करायची. ती पट्टी एका सळईभोवती मळसूत्रासारखी गुंडाळायची आणि कडा घणाखाली जोडत न्यायच्या. आतून भोक पाडून, बाहेरून तासून नळी तयार. मग आम्लाने लोखंड आणि पोलाद वेगवेगळं खाल्लं जातं आणि नक्षी उमटते. बहुतेक अमेरिकन कारखान्यांनी हा खटाटोप स्वतः केलाच नाही. बेल्जियममध्ये लिएजजवळच्या व्हेस्ड्र खोऱ्यात घराघरांतून हा धंदा चालायचा, तिथून कच्च्या नळ्या जहाजाने यायच्या. १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि तो पुरवठा संपला. तोवर एकसंध पोलादाच्या नळ्याही स्वस्त झाल्या होत्या.

बार काढायचा का? माझं मत: नाही. या नळीत जोडाची रेघ मळसूत्रासारखी शेवटपर्यंत जाते. त्या जोडात कुठे राख, कुठे मळी अडकली असेल, आणि काळ्या दारूच्या क्षारांनी आतून किती खाल्लं असेल, ते वरून दिसत नाही. आजच्या १२ गेजच्या काडतुसाचा कमाल दाब ११,५०० पीएसआय धरतात. अमेरिकेतली काडतूस उत्पादकांची संस्था स्पष्ट सांगते की दमास्कसमध्ये आधुनिक काडतूस वापरू नका.

अण्णा डेटनकर

धातुपुराण, नळी बनवण्याचं वर्णन झकास. पण निष्कर्षाशी सहमत नाही. इंग्लंडमध्ये आजही दमास्कस नळ्या सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये बिनधुराच्या दारूने तपासून पास होतात. चांगली दमास्कस ही वाईट पोलादापेक्षा बरी. मी काळी दारू स्वतः भरून आणि कमी दाबाची खास काडतुसं आणून वर्षानुवर्षं तबकड्या फोडतोय. बोटं दहाही शाबूत आहेत.

धातुपुराण

अण्णा, इंग्लंडमध्ये प्रूफ हाऊस आहे. अमेरिकेत देशभर सक्तीचं सरकारी प्रूफ कधी नव्हतंच, आजही नाही. तुमची नळी तपासली कुणी?

अण्णा डेटनकर

मी. भिंतीची जाडी मोजण्याचं यंत्र आहे माझ्याकडे. बंदुकांचा जाणकार कारागीर प्रत्येक नळी ठिकठिकाणी मोजतो. कुठेही वीस हजारांश इंचाच्या (०.०२० इंच) खाली गेली तर ती भिंतीवर. मी स्वतः पंचवीसच्या खाली जात नाही.

धातुपुराण

जाडी कळते, जोड कळत नाही. असो, बोटं तुमची.

टेक्सासतात्या

दोघांचंही बरोबर धरून एक मधला मार्ग सांगतो. घोड्याची पण पोलादी नळ्यांची दुनळी घ्या. अण्णांच्या १८८९ मध्येच सगळ्यांत साध्या ग्रेडला पोलादी नळ्या आहेत. मी काउबॉय शूटिंग करतो, तिकडे जुन्या पद्धतीचे कपडे घालून जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी लोखंडी लक्ष्यं पाडायची असतात. आमच्यात बरेच जण अशाच बंदुका वापरतात.

तरी चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, मोजायला विसरू नका! जुन्या १२ गेजचं चेंबर बऱ्याचदा दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच असतं. आजचं काडतूस पावणेतीन इंची, आणि ते माप उडवल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचं. ते आत बसतं, म्हणून लोकांना वाटतं चाललं. तोंड उघडलं की ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब चढतो. १० गेजला तर आणखी फरक, जुनी दोन पूर्णांक सात अष्टमांश आणि आजची साडेतीन इंची. जुन्या चोकमधून पोलादी छर्रे तर अजिबात नाहीत. बदकांच्या शिकारीला १९९१ पासून देशभर शिशाचे छर्रे बंद आहेत, त्यामुळे या बंदुकीने बदकं मारायची तर बिस्मथचे महागडे छर्रे घ्या.

आणि 'वेल्स फार्गो' असा शिक्का मारलेली आखूड दुनळी कुणी विकायला आणली तर नमस्कार करून पुढे जा. घोडागाडीतल्या तिजोरीशेजारी दुनळी घेऊन बसणारा रखवालदार खरा होता, कंपनीने बंदुका घेतल्याही खऱ्या, पण खोटे शिक्के खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोनच्या गाजलेल्या चकमकीत २६ ऑक्टोबर १८८१ ला डॉक हॉलिडेने दुनळीनेच टॉम मॅक्लॉरीला मारलं. 'हीच ती बंदूक' सांगणारे किती भेटतील विचारू नका.

खट्याळ खविस

आमच्याकडे शिवाजी महाराजांची तलवार अशीच प्रत्येक वाड्यात असते.

इतिहासवेडा

मीनाक्षीताईंनी म्हटलं तसं निम्मी गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. एवढ्या दुनळ्या अमेरिकेत खपल्या कशा? शिकार हा तेव्हा धंदा होता. चेसापीकच्या खाडीतली बदकं आणि मध्य-पश्चिमेतली प्रवासी कबुतरं पिंपांत भरून रेल्वेने न्यूयॉर्क-शिकागोच्या बाजारात जायची. रेल्वे, तारायंत्र, जाळी आणि दुनळी यांनी मिळून अब्जावधी पक्ष्यांच्या जातीचा काही दशकांत निकाल लावला. शेवटचं प्रवासी कबुतर, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. १९०० चा लेसी कायदा आणि १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा त्या नासाडीतून आले.

नेमबाजीच्या स्पर्धाही आधी जिवंत कबुतरांवरच व्हायच्या. मग काचेचे गोळे आले, आणि १८८० मध्ये त्याच सिनसिनाटीत लिगाउस्की नावाच्या माणसाने मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं. पेणकर ज्या तबकड्या फोडू पाहतायत त्या याच.

शंकासुर

हा प्रतिसाद आवडला. माझा विरोध कायम, पण धाग्यावर बसतो.

अण्णा डेटनकर

बसा, बसा.

इतिहासवेड्यांनी सिनसिनाटीचं, म्हणजे आमच्या ओहायोचं नाव काढलं म्हणून थोडं अवांतर. नेमबाज अ‍ॅनी ओकली आमच्या इथल्याच डार्क काउंटीची. आणि हे कारखानदारही अफलातून. मेरिडनचे पार्कर मुळात कॉफी दळायच्या चक्क्या बनवायचे, आज त्या चक्क्यांचेही संग्राहक आहेत. सिराक्यूजच्या लायमन स्मिथने १८८० च्या दशकाअखेरीस बंदुकांचा धंदा फुल्टनच्या हंटर बंधूंना विकला आणि टंकलेखन यंत्रं काढली. ज्या अलेक्झांडर ब्राउनने त्याची बंदूक रचली, त्यानेच यंत्रही रचलं. पुढची स्मिथ-कोरोना ती हीच. सिअ‍ॅटलचा स्मिथ टॉवरही याच पैशांतून उभा राहिला.

गोगलगाय

म्हणजे माझ्या बाबांनी ज्यावर टायपिंगची परीक्षा दिली तिचं मूळ दुनळीत? बाबांना सांगते.

मैना दापोलीची

अण्णा, 'बार्कर' ही पण कंपनी होती का? एका ओळखीच्यांनी टेनेसीत 'टी. बार्कर' लिहिलेली दुनळी घेतली. ते म्हणतात पार्करचीच जोडकंपनी.

अण्णा डेटनकर

नाही हो. तो सिअर्सच्या टपाल-कॅटलॉगमधला माल. नाव मुद्दाम पार्करच्या जवळचं ठेवलेलं. तसंच 'डब्ल्यू. रिचर्ड्स', इंग्लंडच्या वेस्टली रिचर्ड्सची आठवण यावी म्हणून. हार्डवेअरची दुकानं आणि घाऊक व्यापारी स्वतःच्या मर्जीची नावं घालून घ्यायचे. काही माल कनेक्टिकटमधल्या नॉर्विचच्या क्रेसेंट कारखान्याचा, बराचसा बेल्जियमचा. नळ्या काढून खालच्या सपाट भागावर बघा: अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही रोमन अक्षरं आणि वर मुकुट दिसला तर लिएजचं प्रूफ. 'बेल्जियम' असं पूर्ण नाव कोरलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरची, कारण मॅकिन्लीच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं.

त्यांना सांगा, वाईट वाटून घेऊ नका. दोन-तीनशे डॉलरला घेतली असेल तर शेकोटीच्या वर छान दिसेल. बार मात्र काढू नका. आणि त्यांतल्या स्वस्त मालावरची 'दमास्कस' नक्षी कित्येकदा साध्या नळीवर वरून उमटवलेली असते.

धातुपुराण

बघा, एका तरी नळीबाबत अण्णांचं आणि माझं जमलं.

नवा पेणकर

मंडळी, धागा इतका रंगेल असं वाटलं नव्हतं. आता प्रत्यक्षातला प्रश्न. शनिवारी लँकेस्टरजवळ एका लिलावाआधी माल बघून आलो. दोन दुनळ्या होत्या.

पहिली एल. सी. स्मिथ, १२ गेज, दमास्कस, ३० इंच. लॉकप्लेटवर फुलांचं कोरीवकाम, नळ्यांची घंटा सुरेख वाजली. डाव्या प्लेटच्या मागे रेघ आहे, साधारण इंचभर. कळ मध्यावर.

दुसरी रेमिंग्टन १८८९, १२ गेज, पोलादी नळ्या, ३० इंच. तोंडाशी फट नाही, कळ उजवीकडे. पण उजवा घोडा डाव्याहून वेगळा दिसतो, टोकाचा बाक कमी आहे. नंबर टिपून आणलाय. लिलाववाला म्हणतो दोन्ही सहाशे ते नऊशेत जातील. काय करू?

टेक्सासतात्या

रेमिंग्टन. घोडा शोधून बदलता येतो.

मीनाक्षी सं.

स्मिथ. इंचभर तडा सरसाने पक्का करता येतो, आतून, बाहेर काही दिसत नाही. कोरीवकाम परत आणता येत नाही.

धातुपुराण

बार काढायचा असेल तर रेमिंग्टन, बघायचं असेल तर स्मिथ. मीनाक्षीताईंशी सहमत होणं भाग आहे.

अण्णा डेटनकर

स्मिथवर आतापर्यंत कुणीतरी बार काढत आलाय म्हणून तर तडा गेला. कळ मध्यावर म्हणजे बरीच वापरलेली, पण त्या फिरत्या बोल्टला अजून झिजायला जागा आहे. लिलाववाल्याला विचारा, जाडी मोजू देतो का. देत असेल आणि नळ्या पंचवीसच्या वर भरल्या तर स्मिथ घ्या. हंटरच्या काळातली असली तर वायोमिंगच्या कोडी इथल्या संग्रहालयात एल. सी. स्मिथच्या नोंदवह्या आहेत, नंबर पाठवून पत्र मागवता येतं. कधी, कुठल्या ग्रेडमध्ये बाहेर पडली ते कागदावर येईल. मोजू देत नसेल तर रेमिंग्टन, आणि बोली लावताना घोड्याचे शंभर डॉलर वजा करून लावा. नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, साल आधी बघू. १८९८ नंतरची निघाली तर दुकानदारामार्फत कागद करावे लागतील.

नवा पेणकर

विचारलं. म्हणाला, मोजणारं यंत्र घेऊन या, गुरुवारी दुपारी चारपर्यंत दार उघडं आहे.

अण्णा डेटनकर

डेटनहून लँकेस्टर सात-आठ तास लागतात. बुधवारी रात्री निघतो. चहा तयार ठेवा.

खट्याळ खविस

येताना खाजा आणा अण्णा.